रात्री चढणारे पाच व्होल्ट

डिसेंबरातली सकाळ, सव्वासात. मोहाडीहून नानांचा फोन.

"भाऊ, तुमच्या डब्यानं सलग तिसऱ्या रात्री घर उठवलं. पहाटे चारला मेसेज, साडेआठच्या खाली गेलं म्हणून. आम्ही उठतो, शेकोट्या पेटवतो, ड्रीप सोडतो, आणि उजाडल्यावर झाडाला टांगलेलं थर्मामीटर बघतो तर अकरा! सरपण संपायला आलं."

मणी फुगायच्या दिवसांत कडाका पडला की द्राक्षाच्या मण्यांची वाढ थांबते, तडे जातात. म्हणून नाशिककडचे बागायतदार पहाटे बागेत धूर करतात, बोअरचं पाणी ड्रीपनं सोडतात. पेपरात निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा खाली आला की दिंडोरीपासून पिंपळगावपर्यंत सगळ्यांच्या झोपा उडतात. अशा दिवसांत खोटा मेसेज पाठवणारा डबा देणं म्हणजे गिऱ्हाईक गमावणं. तो डबा आमचा होता, चूकही आमचीच निघाली. ती कुठे होती आणि सापडायला नऊ दिवस का लागले, ते इथे लिहून ठेवतोय.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक छोटा गाळा आहे. मी आणि डिप्लोमा झालेला एक पोरगा. पॅनेल दुरुस्ती हे रोजचं काम. बागेत लावायचे हवामानाचे डबे हा जोडधंदा. डब्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी, वर छोटं सोलर पॅनेल, आत एटीमेगा३२८ या कंट्रोलर चिपचा बोर्ड. तापमानाला एलएम३५, पानाच्या ओलाव्याला तांब्याच्या जाळीचा सेन्सर, आणि बॅटरी किती उरली ते कळायला ३० के व १० के (के म्हणजे हजार ओहम) चा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक प्रमाणात वाटणारी रेझिस्टरांची जोडी. मेसेज पाठवणाऱ्या मॉड्यूलचा सप्लाय वेगळा आहे, त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. बोर्डाचे ५ व्होल्ट एलएम३१७ या रेग्युलेटरमधून येतात, तो बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देतो. दिवसभर बोर्ड जागा असतो, कारण ड्रीपचे व्हॉल्व्ह त्याच्याकडेच आहेत. अंधार पडला की तो झोपतो आणि दर पंधरा मिनिटांनी क्षणभर उठून रीडिंग घेतो.

नानांकडे आधी पहिल्या लॉटमधला डबा होता. त्यात मुंग्यांनी घर केलं, म्हणून पावसाळ्यानंतर दुसऱ्या लॉटमधला नवा दिला. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "जुना बरा होता. त्यात लाल दिवा तरी होता, रात्री लांबून दिसायचा. डबा जिवंत आहे एवढं तरी कळायचं." मी हसून हो हो म्हटलं. अख्ख्या प्रकरणाचं उत्तर पहिल्याच फोनवर मिळालं होतं, आणि मी ते म्हाताऱ्या माणसाची कुरकुर समजून सोडून दिलं.

आधी काय काय बदललं

पहिला संशय सेन्सरवर. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ११ अंशांना जेमतेम ११० मिलिव्होल्ट. वर दोन मीटर केबल. एलएम३५ ला लांब केबलची कपॅसिटी सोसत नाही, तो थरथरायला लागतो आणि रीडिंग वाहवत जातं. त्यावरचा उपाय आम्ही आधीच केलेला होता: आउटपुट ते ग्राउंड ७५ ओहम आणि १ मायक्रोफॅरॅडची जोडी. तरी म्हटलं बदलून टाकू. नवा सेन्सर, नवी केबल. मोटारसायकलवरून मोहाडी, काम अर्ध्या तासाचं, चहा-पोहे एक तासाचे.

त्या रात्री मेसेज आला नाही. आम्ही खूश. पुढच्या पहाटे चार वाजता परत आला.

ती मधली एक रात्र चांगली का गेली, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. सेन्सर बदलला आणि दुखणं गेलं, एवढ्यावर आम्ही समाधानी. तक्रार परत आल्यावरही मनात हेच, की नवा सेन्सरही खराब निघाला असेल. मार्केटात एलएम३५ च्या नावाखाली काय काय विकलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हा विचार सोयीचा होता.

दुसऱ्या फेरीत ५ व्होल्टवर मीटर लावला. ५.१५. जरा जास्त, पण चालतंय म्हणून सोडून दिलं. सकाळचे अकरा वाजले होते, बोर्ड जागा होता, झाकण उघडं, मीटर नीट. या मोजणीत काहीच चूक नव्हती, फक्त ती चुकीच्या वेळी केली होती.

मग लॉग उघडला. त्यात बॅटरीचा आकडा पाहून पोरगा ओरडलाच. दिवसा १२.५, रात्री ९.४! आठ-दहा अंशांच्या थंडीत कमजोर बॅटरी बसते, हे इतकं पटण्यासारखं होतं की आम्ही पुढे काही पाहिलंच नाही. नवी बॅटरी टाकली. बाराशे रुपयांच्या आसपास गेले, ते अर्थातच नानांकडून घेतले नाहीत.

रात्री परत ९.४.

दोन वेगवेगळ्या बॅटऱ्या, एक जुनी एक कोरी, आणि दोघी रात्री दशांशापर्यंत सारखाच आकडा दाखवतात. असं बॅटऱ्या करत नाहीत. नानांच्या मुलाकडे माझा एक जुना मीटर ठेवून आलो होतो. त्याला सांगितलं, रात्री अकराला थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लाव आणि आकडा पाठव. त्यानं फोटो पाठवला: १२.४.

म्हणजे बॅटरी ठणठणीत. तिच्याबद्दल खोटं बोलत होता तो बोर्ड.

भागाकार

गाळ्यात बसून कागदावर दोन ओळी लिहिल्या. तापमान: थर्मामीटर ११, डबा ८.३. बॅटरी: मीटर १२.४, डबा ९.४. मग सहज भागाकार केला. ११ भागिले ८.३ म्हणजे १.३२. १२.४ भागिले ९.४, तेही १.३२.

तापमान आणि बॅटरी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सेन्सर वेगळा, वायर वेगळी, कंट्रोलरची पिन वेगळी. दोघांची चूक एकाच पटीत असेल तर ती दोघांच्या सामायिक ठिकाणी असणार, आणि सामायिक एकच गोष्ट आहे: मोजपट्टी. कंट्रोलर आपल्या ५ व्होल्टच्या सप्लायलाच १०२४ भाग मानून बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघतो. आम्ही प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं की सप्लाय ५.०० आहे. तो प्रत्यक्षात चढला तर प्रत्येक भाग मोठा होतो, त्याच ११० मिलिव्होल्टला कमी भाग लागतात, आणि प्रोग्रॅम ते कमी भाग जुन्याच मापानं मोजून तापमान कमी सांगतो. गज ताणला की कापड कमी भरतं, तसं.

५ गुणिले १.३२ म्हणजे ६.६. मीटर न लावता कळलं की रात्री सप्लाय ६.६ व्होल्टवर जातोय. ताळा करून पाहिला: ११० मिलिव्होल्ट, ६.६ व्होल्टची मोजपट्टी, १०२४ भाग, येतात १७. सतरा भाग पाचच्या मापानं म्हणजे ८.३ अंश. लॉगमध्ये नेमका ८.३.

आणखी एक गोष्ट आता जागेवर बसली. पानाच्या ओलाव्याचं रीडिंग रात्रंदिवस बरोबर येत होतं. तो सेन्सर त्याच ५ व्होल्टवर, एका १० के च्या रेझिस्टरबरोबर डिव्हायडर करून बसवलेला. सप्लाय चढला की सेन्सरचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतं आणि मोजपट्टीही. गुणोत्तर तेच राहतं. म्हणजे सप्लायवर टांगलेलं रीडिंग खरं, आणि स्वतःच्या पायावर उभं असलेलं रीडिंग खोटं. लॉगमध्ये अशी जोडी दिसली की सेन्सर सोडून सरळ सप्लायकडे जायचं. आमच्या लॉगमध्ये ही जोडी पहिल्या रात्रीपासून होती.

टेबलावर

डबा काढून अंबडला आणला. बेंच सप्लायवर १२.५ व्होल्ट देऊन चालू केला. ५.१५. प्रोग्रॅमर जोडून झोपवला, तरी ५.१५. अर्धा तास बघत बसलो, काटा हलेना. पोरगा म्हणाला, "सर, प्रोग्रॅमर जोडलेला असताना आपला प्रोग्रॅम खरा झोपत नाही. डिबगसाठी तुम्हीच तसं लिहिलंय."

केबल उपटली. फक्त मीटरच्या दोन सुया ठेवल्या आणि बोर्डाला झोपू दिलं. मीटरवरचा आकडा चालू लागला. ५.१५, ५.४, ५.७, ६.१, मग हळू होत होत सहा-सात सेकंदांत ६.६ वर थांबला. काही वेळानं बोर्ड उठला, आकडा एकदम खाली ५.१५, परत झोपला, परत चढण. श्वास घेतल्यासारखं. अशी चूक डोळ्यासमोर घडताना दिसली की बरं वाटतं, हे कबूल करतो.

आता एलएम३१७ बद्दल. १९७६ साली नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये रॉबर्ट डॉबकिन यांनी बनवलेला हा आयसी अजून प्रत्येक रिपेअरवाल्याच्या डबीत असतो. तो एकच गोष्ट करतो: आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांमध्ये १.२५ व्होल्ट राखतो. त्या दोन पायांमधल्या रेझिस्टरला आर१ म्हणू, ॲडजस्टपासून ग्राउंडपर्यंतच्या रेझिस्टरला आर२. आउटपुट = १.२५ × (१ + आर२ ÷ आर१), अधिक ॲडजस्टच्या पायातून वाहणारे सुमारे ५० मायक्रोअँपिअर गुणिले आर२.

डेटाशीटमधल्या नेहमीच्या चित्रात आर१ २४० ओहम असतो. आमच्या बोर्डावर १ के, आणि आर२ ३ के. गुणोत्तर बरोबर, म्हणून ५ व्होल्ट. वर ५० मायक्रोअँपिअर गुणिले ३ के म्हणजे ०.१५ व्होल्ट. दिवसाचा ५.१५ हा असा आला होता. मीटरचा दोष नव्हता, आयसीचाही नव्हता. २४० आणि ७२० टाकले असते तर हीच भर ०.०४ व्होल्टपेक्षा कमी पडली असती.

पण ५.१५ हा किरकोळ मामला. खरा मुद्दा असा की ७८०५ या ठरावीक ५ व्होल्टच्या रेग्युलेटरसारखा ग्राउंडचा पाय एलएम३१७ ला नाही. ७८०५ स्वतः चालायला ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो आणि ते ग्राउंडच्या पायातून सोडून देतो. एलएम३१७ ला सोडायला जागाच एक: आउटपुट. त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा करंट आउटपुटच्या पायातूनच बाहेर येतो. बाहेर तो करंट घेणारं कुणी असेल तर ठीक. नसेल तर आउटपुट वर वर जातं, जोपर्यंत आर१ आणि आर२ मिळून तेवढा करंट ओढत नाहीत तोपर्यंत. आउटपुट खाली खेचायची ताकद या आयसीत नाही. तो फक्त देतो, परत घेत नाही.

डेटाशीटमध्ये याला किमान लोड करंट म्हटलंय. साधारण ३.५ मिलिअँपिअर, वाईटात वाईट १०. हे आकडे इनपुट-आउटपुटमध्ये ४० व्होल्टचा फरक असतानाचे आहेत. आमच्यासारख्या सात-आठ व्होल्टच्या फरकाला कमी पुरतो. आमच्या नगाला २ मिलिअँपिअर लागत होते. मिळत होते किती? आर१ मधून सव्वा, झोपलेल्या बोर्डाचा ०.३५. एकूण १.६. कमी पडला ०.४ मिलिअँपिअर.

खात्री करायला झोपलेल्या बोर्डाच्या आउटपुटवर २२ के चा रेझिस्टर धरला: ६.६ वरून ५.६. काढून १० के धरला: ५.१५ ला येऊन बसला, हलेना. दहा के म्हणजे अर्धा मिलिअँपिअर. एवढ्याशा करंटनं नानांचं सरपण वाचलं असतं. मग डबीतले आणखी दोन एलएम३१७ लावून पाहिले. एक ५.९ वर थांबला, दुसरा ७.१ पर्यंत गेला. म्हणजे आठ डब्यांत आठ वेगवेगळे आकडे असणार, आणि ज्याचा नग नशिबानं बरा निघाला त्याची तक्रारच येणार नाही.

दव. ती चांगली गेलेली रात्र दवाची होती, हे नानांच्या मुलाला विचारल्यावर कळलं. पानाच्या सेन्सरची जाळी ओली झाली की तीही थोडा करंट ओढते, सप्लाय ६.६ ऐवजी ५.८ च्या आसपास थांबला असणार आणि रीडिंग ९.३ आलं. साडेआठच्या वर, म्हणून मेसेज नाही. सेन्सर बदलल्याचं श्रेय आम्ही घेतलं, काम दवानं केलं होतं.

दिवा

मग पहिल्या लॉटमधले सहा डबे वर्षभर कसे चालले? रेझिस्टर तेच, आयसी तोच. मी पोराकडे बघून विचारलं की दुसऱ्या लॉटमध्ये काय बदललंस. आवाज जरा चढलाच होता. त्यानं कामाची वही काढून समोर ठेवली. ऑगस्टमधली नोंद, अक्षर माझं: "पॉवर एलईडी व ४७० ओहम काढणे. ढगाळ दिवसांत बॅटरी पुरत नाही." खाली माझीच सही.

लाल एलईडी, ४७० ओहम, ५.१५ व्होल्ट. जवळजवळ ७ मिलिअँपिअर. दिवसाला १६५ मिलिअँपिअर-अवर, ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीला हे कमी नाही. काढण्यामागचा विचार चुकला नव्हता. पण तो दिवा नुसता दिवा नव्हता, एलएम३१७ चा किमान लोड होता. आर१ मध्ये १ के टाकल्याची मूळ चूक पहिल्या दिवसापासून बोर्डावर होती. दिव्यानं ती वर्षभर झाकून ठेवली.

आणि १ के का टाकला होता? गाळ्यात १ के आणि ३ के ची एक टक्क्याची रीळं पडून होती म्हणून. गुणोत्तर जुळतंय ना, मग झालं. सूत्रात फक्त गुणोत्तर दिसतं, म्हणून कुठलीही जोडी चालेल असं वाटतं. सूत्राखालच्या तक्त्यातली किमान करंटची ओळ कुणी वाचत नाही. मीही वाचली नव्हती, आणि हा आयसी मी वीस वर्षं वापरतोय.

इथे एक कामाची पद्धत सांगतो, कारण एलएम३१७ चं आउटपुट चुकलं की आपण सगळे आउटपुट आणि ग्राउंड यांच्यात मीटर लावून बसतो. मीटर आउटपुट आणि ॲडजस्ट यांच्यात लावावा. तिथे १.२५ दिसला पण आउटपुट चुकीचं असेल, तर आयसी त्याचं काम करतोय. रेझिस्टरची किंमत, कोरडं सोल्डर किंवा ॲडजस्टच्या पायावर बसलेली ओल बघा. १.२५ पेक्षा कमी दिसला तर आयसीला द्यायचं आहे पण देता येत नाही: इनपुट कमी पडतंय, लोड जास्त आहे किंवा तो तापून हात आखडता घेतोय. इनपुट आउटपुटपेक्षा दोन-अडीच व्होल्ट वर हवंच. आणि १.२५ पेक्षा जास्त दिसला तर आयसी केव्हाच थांबलाय, आउटपुटला दुसरं काहीतरी वर ढकलतंय: लोड अपुरा आहे किंवा दुसऱ्या कुठल्या सप्लायमधून उलटा करंट येतोय. आमच्या झोपलेल्या बोर्डावर तिथे १.६१ होते. पहिल्या दिवशी, रात्री, हे एक मोजमाप केलं असतं तर बॅटरीचे पैसे आणि मोहाडीच्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या.

पायांच्या घोळाचाही उल्लेख करून ठेवतो, कारण हा फोन महिन्यातून एकदा येतोच. ७८०५ समोरून धरला तर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. एलएम३१७ मध्ये ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट. उणे ५ व्होल्टच्या ७९०५ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७८०५ चा पत्रा ग्राउंडला असतो, एलएम३१७ चा आउटपुटला. दोघांना एकाच हीटसिंकवर अभ्रक न लावता कसलं की आउटपुट थेट ग्राउंडला टेकतं, आणि मग "व्होल्टेजच येत नाही".

दुरुस्ती

दुसऱ्या लॉटचे आठ डबे बागांत होते. बोर्ड बदलणं परवडणारं नव्हतं. प्रत्येक डब्यात आउटपुट कपॅसिटरच्या पायांवर १ के चा एक रेझिस्टर सोल्डर केला. ५ मिलिअँपिअर तो ओढतो, वर आर१-आर२ चा सव्वा. १० मिलिअँपिअरच्या कागदी हमीला हे पुरत नाही, पण आमच्या व्होल्टेजच्या फरकाला आणि टेबलावरच्या तीन नगांच्या मानानं तिप्पट आहे. त्यावर मी सही केली. कुणी म्हणेल १० के पुरला होता की. तो एका नगाला पुरला होता, आणि जेमतेम.

प्रोग्रॅममध्ये बदल जास्त महत्त्वाचा. तापमान आता ५ व्होल्टच्या मोजपट्टीवर मोजतच नाही. एटीमेगा३२८ च्या आत १.१ व्होल्टचा स्वतःचा रेफरन्स आहे, सप्लाय हलला तरी तो जागेवर राहतो. एलएम३५ ला १.१ व्होल्ट म्हणजे ११० अंशांपर्यंत जागा. मोहाडीला पुष्कळ झाली. शिवाय आधी एक भाग जवळपास अर्ध्या अंशाचा होता, आता अंशाच्या दहाव्या हिश्शाचा. हा रेफरन्स प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणून प्रत्येक डबा एकदा चांगल्या मीटरशी ताडून त्याचा आकडा आत लिहावा लागला. बॅटरीच्या मोजणीतही याच रेफरन्सवरून आधी सप्लाय किती आहे ते काढतो आणि मग हिशेब करतो. उठल्यानंतर पाच मिलिसेकंदांत रीडिंग घेत होतो, ते आता पन्नासांनंतर घेतो. ४७० मायक्रोफॅरॅडच्या कपॅसिटरला ६.६ वरून खाली यायला २० मिलिअँपिअरच्या लोडवर तीसेक मिलिसेकंद लागतात. त्याआधीच मोजत होतो म्हणून चूक पूर्ण पकडली जात होती. उलट हळू मोजलं असतं तर तक्रार आलीच नसती आणि सप्लाय रात्रभर चढतच राहिला असता.

ते जास्त वाईट झालं असतं. एटीमेगा३२८ ची सहनशक्ती ६ व्होल्टला संपते. नानांची चिप रोज रात्री साडेसहाच्या वर झोपत होती, बाकीच्याही त्याच्या आसपास असणार. एकही मेली नाही, तरी आठही बदलून टाकल्या. सॉकेटवर होत्या, पाच मिनिटांचं काम.

पुढच्या लॉटसाठी एलएम३१७ सोडला. बॅटरी वाचवायला दिवा काढायचा आणि मग तेवढाच करंट रेझिस्टरमध्ये जाळायचा, यात अर्थ नाही. ७८०५ टाकला तरी तो स्वतः तेवढंच खातो. पोरानं एमसीपी१७०२ हा रेग्युलेटर सुचवला, खाणं दोन मायक्रोअँपिअर. पण त्याची इनपुट मर्यादा १३.२ व्होल्ट आणि ऊन लागलं की आमची बॅटरी १४.४ पर्यंत जाते. शेवटी एलपी२९५० चा ५ व्होल्टचा नग घेतला. ३० व्होल्टपर्यंत इनपुट, १०० मिलिअँपिअर आउटपुट, स्वतःचं खाणं ७५ मायक्रोअँपिअर. आमचा बोर्ड जागेपणी २० मिलिअँपिअरच घेतो. टेबलावर झोपवून रात्रभर मीटर लावून ठेवला, सकाळी होता तिथेच.

नानांचा डबा सगळ्यात आधी परत लावला. खांबावर चढून क्लॅम्प कसत होतो तेव्हा ते खाली उभे राहून बघत होते. त्यांच्या बोर्डावर १ के शिवाय ४७० ओहम आणि लाल एलईडीही परत लावला होता. झाकणाला भोक पाडून बाहेर काढला. बॅटरीचं बघू, पॅनेल थोडं मोठं दिलंय.

संध्याकाळी साडेसातला फोन आला. मेसेज नाही, तक्रार नाही. "दिसतोय," एवढंच म्हणाले, आणि मग टोमॅटोच्या भावावर घसरले.